आत फुगलेला फुगा

आमच्या घरात दोन गोष्टी फुगायच्या, भाकरी आणि आई. भाकरी फुगली की आत्ती, म्हणजे माझी आत्या, खूश. तव्यावरून उचलून निखाऱ्याशी उभी केलेली भाकरी टम्म झाली की ती तिला बोटाने टिचकी मारायची, आवाज ऐकायची आणि मगच टोपलीत टाकायची. आई फुगली की मात्र सगळ्या घराची पंचाईत, कारण आई फुगायची ती गप्प बसून. आमच्या कोल्हापुरात राग म्हणजे आवाज. गल्लीत दोन बायका भांडल्या की रेल्वेच्या मालधक्क्यावरचे हमाल काम थांबवून ऐकायचे, आणि संध्याकाळी त्याच दोघी एका चटईवर बसून तांदूळ निवडताना दिसायच्या. आईला ही विद्या येत नव्हती. तिचं माहेर नृसिंहवाडीचं. तिच्या घरी मोठ्याने बोलायची रीत नव्हती, आणि लग्न होऊन ती आली ती थेट शाहूपुरीत, जिथे माणूस पाणी मागतो तेही भांडल्यासारखं.

आम्ही राहायचो ते गुळाच्या वखारीमागच्या दोन खोल्यांत. पुढची खोली बसायची-झोपायची, मागची स्वयंपाकाची, आणि तिच्या कोपऱ्यात मोरी. गुळाचा वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, केसांनाही यायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या जवळ बसलं की भूक लागते. वासाबरोबर मुंगळे यायचे, म्हणून कॉटचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे असायचे. आजही मी कुणाच्या घरी कोरडे पाय असलेली कॉट बघितली की मला क्षणभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. भिंतीपलीकडे हसीनाचाचीचं घर. तिचे मालक गाद्या करायचे. सकाळी वखारीत गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, उतरवणाऱ्या हमालांच्या हाका सुरू व्हायच्या, आणि दुपारी त्या थांबल्या की पलीकडून कापूस पिंजायचा टँव टँव आवाज यायचा. त्या आवाजावर मी इतकी वर्षं झोपले की पुढे लग्नानंतर शांत घरात मला दुपारची झोपच येईना.

माझे वडील, आबा, त्याच वखारीत कामाला होते. मऊ स्वभावाचा माणूस. लहानपणी गावाकडे गुऱ्हाळावर वाढलेले, त्यामुळे जगातल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे गुऱ्हाळातलंच एक उत्तर असायचं, "निवू दे." उकळता पाक काहिलीच्या मोठ्या कढईतून वाफ्याच्या उथळ हौदात ओतला की त्याला निवू द्यायचं, घाई केली की हात भाजतो आणि गूळही बिघडतो. ताप आला, निवू दे. घरमालक ओरडून गेला, निवू दे. आई फुगली, निवू दे.

आणि आत्ती. ही आबांची थोरली बहीण, आबा तिला आक्का म्हणायचे, आई वन्सं म्हणायची. तिचं सासर गडहिंग्लजच्या पलीकडे, कानडी मुलखाच्या शिवेवर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती भावाकडे आली. माझ्या जन्माच्याही आधी, आईच्या लग्नाच्याही आधी. म्हणजे आई घरात आली तेव्हा चूल आधीच आत्तीची होती. उंच, हाडापेराने मोठी बाई, आश्चर्य वाटलं की "यव्वा" म्हणून गालावर हात ठेवायची. बोलणं म्हणजे दगडावर दगड. पण मला न्हाऊ घालायची ती, माझे केस विंचरायची ती, रात्री माझे पाय आपल्या पायांत घेऊन ऊब द्यायची ती. आईवर माझं प्रेम होतंच, पण आत्तीवर माझा हक्क होता.

सगळं बिनसलं ते चटणीवरून. चटणी म्हणजे ताटाच्या कडेला वाढायची ती नव्हे. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. मिरची वाळवायची, कांदा-लसूण-खोबरं भाजायचं, मसाले तळायचे आणि सगळं डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत, कांडून आणायचं. उन्हाळ्यात आठवडाभर सगळी गल्ली शिंकत असायची. ज्या घराची चटणी बिघडली त्या घराचं वर्ष बिघडलं, इतकी त्या बरणीची पत. आमच्या घरची चटणी आत्तीची. त्या वर्षी मात्र आत्तीचे गुडघे धरले होते, तिला खाली बसता येईना, म्हणून पहिल्यांदा सगळी चटणी आईने केली. मिरच्यांचे देठ काढण्यापासून बरणी भरण्यापर्यंत. आत्तीने कॉटवर बसून सूचना केल्या, हे खरं, पण हात आईचे. त्या हातांची इतकी आग झाली की शेवटी आई ताकाच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून स्वयंपाकघरात बसली.

ती तशी बसलेली असतानाच पुढच्या दारात हसीनाचाची आली. तिने चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली की आक्का, यंदाची चटणी दर वर्षीपेक्षा भारी झाली आहे. आणि आत्ती म्हणाली, "व्हय, मी बसून करून घेतली म्हणून झाली. आमच्या शालनला कुठलं जमतंय?"

मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर होते. मला दोघीही दिसत होत्या. आईने मान वर केली नाही. ताकातले हातही हलले नाहीत. आत्तीच्या लेखी ते वाक्य म्हणजे बोलता बोलता उडालेली माशी होती, चाची घरी जायच्या आत ती विसरूनही गेली असेल. आई विसरली नाही. त्या दिवसापासून ती आत्तीशी बोलायची बंद झाली.

अबोला धरणाऱ्या दोन बायका आणि एक स्वयंपाकघर, यात मधे सापडलेल्या पोरीचं काय होतं ते सापडल्याशिवाय कळायचं नाही. आई म्हणायची, आत्तीला सांग, जेवायला वाढलंय. आत्ती हातभर अंतरावर बसलेली असायची. ती म्हणायची, तुझ्या आईला सांग, ऐकलं. मी दोघींचं टपाल वाहायचे. आईने कामात काही कमी केलं नाही, उलट आत्तीच्या गुडघ्यांना शेकायला पाणी ती न चुकता तापवून द्यायची, माझ्या हाती. फक्त शब्द नाही. आबा म्हणाले, निवू दे. आंबे संपले, शाळा सुरू झाली, गौरी-गणपती येऊन गेले. वरवर बघणाऱ्याला वाटलं असतं की घर खरंच निवलं आहे, कारण आवाज कसलाच नव्हता. भाकरीला टिचकी मारायचंही आत्तीने सोडलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी आत्तीने जाहीर केलं की ती सासरी जाणार, धाकट्या दिराकडे. कायमची. आबा गडबडले, कशाला, का, असं काहीबाही म्हणाले. आईने ताटं उचलली आणि मोरीत नेऊन घासायला घेतली. मला वाटलं होतं, आता तरी ती काही बोलेल. राहा एवढं एकच म्हणायचं होतं. त्या रात्री आत्तीने माझे पाय उबेत घेतले तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि आईचा मला मनापासून राग आला.

नेमक्या त्याच आठवड्यात शाळेत विज्ञानाच्या बाईंनी धडा घेतला, उष्णतेने हवा पसरते, थंडीने आकसते. वर्गात दाखवायला उपकरणं नव्हती, म्हणून त्या म्हणाल्या, घरी करून बघा. अरुंद तोंडाची बाटली घ्या, तिच्या तोंडाला फुगा लावा, बाटली गरम पाण्यात उभी करा. आतली हवा तापेल, पसरेल, फुगा उभा राहील. गार पाण्यात ठेवा, फुगा पडेल. सोमवारी येऊन काय दिसलं ते सांगा. हल्ली माझी नात असलं सगळं मोबाइलवर बघते आणि कळलं म्हणते. कळत असेलही. पण आमच्या वेळी बाटली मिळवण्यापासून सुरुवात होती.

रविवारी, म्हणजे आत्ती जाणार त्याच दिवशी, मी बाटली शोधत घरभर फिरत होते. आत्तीची ट्रंक पुढच्या खोलीत भरून तयार होती. आबा टांगा आणायला जाणार होते, गाडी संध्याकाळची होती. मी काय शोधते आहे ते आत्तीने विचारलं. मी सांगितलं. तिने ट्रंकेवर ठेवलेल्या पिशवीतून गुडघ्यांच्या तेलाची बाटली काढली, उरलेलं तेल एका वाटीत ओतलं आणि बाटली माझ्या हातात दिली. म्हणाली, तिकडं मला तेल लावून देणार कोण, घे तुला. मी ती घेतली, पण माझ्याने फुग्याचं नावही काढवेना. शेवटी चाचीला विचारलं, तिने फुगा आणून दिला, तिच्या पोराच्या जत्रेतल्या फुग्यांतला उरलेला, लाल.

बाटली तेलकट होती. आईच्या घरात तेलकट भांड्याला घासण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. तिने माझ्या हातातून ती काढून घेतली आणि मोरीत बसली. आधी राख आणि कोमट पाणी, मग बंबातलं कढत, मग चुलीवरचं उकळतं, कारण एकदम उकळतं घातलं तर काच तडकते. ती बाटली घासत होती तशी मी तिला कधी काही घासताना बघितली नव्हती. कुणाची बाटली आहे हे तिला माहीत होतं. शेवटचं उकळतं पाणी तिने खळखळवून ओतून टाकलं आणि वाफाळती बाटली फडक्यात गुंडाळून माझ्या हाती दिली. बाईंनी सांगितलं होतं, आधी फुगा लावा, मग तापवा. मी घाईत होते. मी तापलेल्या बाटलीलाच फुगा चढवला आणि ती मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. गरम पाणी मागायला वळले, तेवढ्यात आत्तीने ट्रंक बांधायला दोरी मागितली आणि मी तिकडे धावले. आबा टांगा आणायला निघून गेले.

दोरी बांधून झाल्यावर मी परत आले तर बाटलीवर फुगा नव्हता. खाली शोधला, मोरीत शोधला. मग दिसला. तो बाटलीच्या आत होता. तोंडाची कड बाहेर काचेला तशीच घट्ट बसलेली, आणि बाकीचा सगळा फुगा उलटा होऊन बाटलीच्या पोटात शिरून तिथे टम्म फुगलेला. बाटली हाताला गार लागत होती. मी फुगा बाहेर ओढायला लागले तर तो येईना.

मी "आत्ती" म्हणून हाक मारली. ती गुडघे धरत उठून आली, बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"यव्वा," ती म्हणाली, "ह्यो आत कसा गेला?"

मला सुचेल तसं मी सांगितलं. बाहेर फुगायला हवा होता, पण बाटली आधीच तापलेली होती. बंद झाल्यावर ती निवली, आतली हवा आकसली, आणि फुग्याला तिने आत ओढून घेतलं. आता तो आत फुगलाय.

"म्हंजे निवलं म्हणून बसला न्हाय तर," आत्ती म्हणाली. "निवलं म्हणून आत फुगला."

मी हो म्हणाले. आई चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. आत्तीने तिच्या पाठीकडे बघितलं, पुन्हा बाटलीकडे बघितलं. मग विचारलं, भाईर कसा काडायचा? मी म्हणाले, ओढून नाही निघायचा, फाटेल. पुन्हा तापवायला हवं.

आईने हे ऐकलं असणारच, कारण तिने न बोलता पातेल्यात गरम पाणी ओतून ते माझ्यापुढे सरकवलं. मी बाटली त्यात उभी धरली. थोडा वेळ काहीच होईना. मग आतला फुगा सैल पडला, सुरकुतला, त्याचं शेंडीचं टोक हळूच तोंडाशी आलं, आणि पुक् असा बारीक आवाज होऊन तो बाहेर आला. एका बाजूला लवंडला, आणि बघता बघता उभा राहिला. आम्ही तिघी त्या पातेल्याभोवती होतो. कितीतरी महिन्यांनी आई आणि आत्ती एकाच गोष्टीकडे बघत होत्या.

पुढे जे झालं ते आत्तीशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. दुसरी बाई असती तर तिने माफी मागितली असती, डोळ्याला पदर लावला असता. आत्तीने कमरेवर हात ठेवले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शालन, तुला चटणी जमत न्हाय म्हणालो ते म्हणालो. खोटं काय बोललो?"

मला वाटलं, संपलं. आई वळली. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिच्यात होता हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

"माझं हात जळालं त्या चटणीपायी," ती म्हणाली. "लगीन हून आल्यापास्नं मीठ घालाय तुम्हास्नी इचारायचं, बरणीला हात लावाय तुम्हास्नी इचारायचं. माझी लेक सुदिक शाळंत सांगती, आत्तीच्या हातची भाकरी, आत्तीच्या हातची चटणी. मग मी काय या घरात नुसती भांडी घासाय आलो व्हय?"

पलीकडचं पिंजणं थांबलं. आई थांबली नाही. किती वर्षांचं काय काय निघालं, सगळं मला आता आठवत नाही आणि आठवतं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बाळंतपणात माहेरी जाऊ दिलं नव्हतं ते निघालं, पहिल्या संक्रांतीची साडी निघाली. आत्ती ऐकत उभी होती. मधेच ती म्हणाली, एवढं हुतं तर बोलली का न्हाईस?

"तुम्ही इधवा बाई. तुम्हास्नी काय बोलायचं?"

"बोलायचं की. इधवा हाय, बहिरी न्हाय."

याच वेळी आबा टांगा घेऊन आले. आतला गोंधळ ऐकून दारातूनच म्हणाले, अगं निवू दे, निवू दे. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते टांगेवाल्याशेजारी जाऊन उभे राहिले. मग आईचा आवाज उतरला. ती खाली बसली आणि रडायला लागली. आत्तीला खाली बसता येत नव्हतं, तरी ती भिंत धरून बसली, आणि तिचाही आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मला तरी कुठं जायाचं हाय गं," ती म्हणाली. "दिराच्या घरात माझी कुठली चूल? हितं चुलीम्होरं हुतो तवर वाटायचं, आपुन कुणाच्या तरी घरातलं हाय. तू चटणी केलीस, माझ्यापरास ब्येस केलीस. मग माझं काय ऱ्हायलं हितं?"

आईने नाक पदराला पुसलं. मग ती म्हणाली, "बसा की मग गप. कोण जा म्हणालंय तुम्हास्नी?"

त्याहून गोड आमंत्रण मी माझ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. आई उठली, ट्रंक ओढत नेली आणि कॉटखाली सरकवली. पायाखालच्या एका वाटीला धक्का लागून पाणी सांडलं, तेही तिने त्याच पदराने पुसलं. आबांनी टांगेवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. जेवताना ते आपल्याच ताटाकडे बघत म्हणाले की गूळ वाफ्यात निवू द्यायचा हे खरं, पण फार निवू दिला तर तो तिथंच बसतो, मग कुदळीनं काढावा लागतो, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. आत्ती म्हणाली, "आता आलंय न्हवं ध्यानात? जेव." आणि आईने फुगलेली भाकरी तव्यावरून काढून तिच्यापुढे धरली. आत्तीने टिचकी मारली.

सोमवारी मी वर्गात सांगितलं की माझा फुगा उलटा फुगला. पोरी हसल्या. बाईंनी मला फळ्यापाशी बोलावून पुन्हा सगळं सांगायला लावलं आणि म्हणाल्या, उलटा झाला तरी प्रयोग खरा झाला. तो किती खरा झाला ते मी त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चाची पुन्हा चिमूटभर चटणी घ्यायला आली तेव्हा आत्तीने तिला दारातच अडवून सांगितलं, चटणी शालनची हाय, तिला इचारून घे. अबोले नंतरही झाले, नाही असं नाही. आई ती आईच होती. पण ती गप्प झाली की आत्ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला सगळ्यांसमोर विचारायची, "मंगल, फुगा कुठं हाय गं? भाईर का आत?" मी आईकडे बघून सांगायचे, आत. मग आत्ती पदर खोचायची आणि काहीतरी खोडी काढून भांडण उकरायची. भांडण झालं की दोघी चहा घ्यायच्या. ती बाटली मोरीच्या फळीवर कित्येक वर्षं होती, आईने तिच्यात नंतर पुन्हा गुडघ्यांचंच तेल भरलं, आणि ते आत्तीच्या गुडघ्यांना ती स्वतः लावायची.

आत्ती गेली तेव्हा मी दोन मुलांची आई होते. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि आई गप्प झाली. रडली नव्हतीच. वेळेवर उठायची, आबांना जेवायला वाढायची, विचारलं तेवढं बोलायची. आबा या वेळी निवू दे म्हणाले नाहीत, त्यांनी मला बोलावून घेतलं. मी गेले तर आई चुलीपाशी परातीत पीठ घेऊन नुसती बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "आई, फुगा कुठं हाय?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. परातीकडे बघतच म्हणाली, "आत."

मी पदर खोचला. आत्तीचा आठवून मी आवाज चढवला आणि म्हणाले, "खरं सांगू का, आत्तीच्या चटणीत मीठ कायम जास्तच असायचं."

आईने झटक्यात मान वर केली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुला काय कळतंय चटणीतलं?" ती ओरडली. "त्या बाईगत चटणी साऱ्या शाहूपुरीत कुणाला जमली न्हाय." आणि पिठाचे हात तसेच तोंडावर घेऊन ती मोठ्याने रडायला लागली.